शिबंदी वाढवावी

आजोबा आमच्याकडे राहायला आले तेव्हा आमचं घर किती आवाज करतं ते मला पहिल्यांदा कळलं. बेसमेंटमधली फर्नेस घरघर करत पेटली, की आजोबा हातातलं काम थांबवून विचारायचे, "काय आलं?" गॅरेजचं दार वर गेलं, की "कोण आलं?" डिशवॉशर पाणी ओढायला लागला, की ओट्याखाली वाकून बघायचे आणि मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "आत कोणी आहे का गं?" मी हसायचे, मग तेही हसायचे. देवझरीच्या त्यांच्या घरात आवाज करायला माणसं आणि कोंबड्या एवढंच होतं, आणि त्या घरातली सगळ्यात जास्त आवाज करणारी, म्हणजे माझी आजी, त्याच वर्षी माघात गेली होती. त्यानंतर आजोबा मागच्या दारी पाय घसरून पडले आणि दुपारभर तिथंच पडून राहिले. शेजारच्या दत्तू सुतारानं संध्याकाळी बघितलं म्हणून उचलले गेले. बाबांना हे फोनवर कळलं तेव्हा ते स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभे होते, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. शाळेला सुट्टी लागल्यावर ते स्वतः जाऊन आजोबांना घेऊन आले. सहा महिन्यांसाठी, असं आजोबांना सांगितलं होतं. पुढच्या माघात आजीचं वर्षश्राद्ध होतं, त्याआधी परत पोचवतो, असाही शब्द दिला होता. बाबांच्या मनात काय होतं ते बाबांनाच ठाऊक.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मिनियापोलिसच्या बाहेर ईडन प्रेरीत आमचं घर होतं, मागं एक तळं, पुढं एक रस्ता, आणि रस्त्यावर सहसा कुणी नसायचं. बाबा एका कारखान्यात इंजिनियर होते, आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. धाकटा समीर इथंच जन्मलेला, शाळेत तो सॅम होता आणि हळूहळू घरातही. त्याला मराठीत काही विचारलं तर उत्तर इंग्रजीतच यायचं. मी मात्र आठ वर्षांची होईपर्यंत देवझरीला आजीआजोबांकडे वाढले होते, त्यामुळे माझं मराठी आठव्या वर्षी थांबलेलं होतं. ते पुढं न्यायचं काम आजोबांनी अंगावर घेतलं. आज मी साठीला आले आहे, कॅरी नावाच्या गावात मुलीजवळ राहते. मुलीला मराठी बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. नातवंडांचा प्रश्नच नाही. लोक म्हणतात, मुलांसाठी लिहून ठेव. मी म्हणते, माझ्या घरात हे कुणालाही वाचता येणार नाही, म्हणून तर लिहायला बसले आहे.

आजोबा येताना एक पत्र्याची पेटी आणि कुळथाच्या पिठाचा डबा घेऊन आले होते. विमानतळावरच्या माणसानं तो डबा उघडून वास घेतला, दुसऱ्याला बोलावून त्यालाही वास दिला, आणि बाबांना घाम फुटेपर्यंत चौकशी केली. मग आमच्याकडे आठवड्यातून एकदा कुळथाची पिठी व्हायची, वर लसणीची फोडणी आणि सोबत मऊ भात. आई फोडणीच्या आधी सगळ्या बेडरूमची दारं लावून घ्यायची, कोटांना वास लागतो म्हणून. समीर नाक दाबून म्हणायचा, "इट स्मेल्स लाइक वेट डॉग." आजोबांना त्यातलं डॉग तेवढं कळायचं, आणि ते मान हलवून म्हणायचे, "कुत्र्याला नको देऊस हो, त्याला लसूण बाधते." त्या दिवशी ते दोनदा भात मागून घ्यायचे. एरवी सकाळी आई कामावर जायच्या आधी त्यांच्यासाठी टेबलावर सगळं झाकून ठेवायची, वर चिठ्ठी लावून: हे आधी, हे नंतर, हे गरम करू नये. आजोबा चिठ्ठीतलं सगळं पाळायचे. मला त्यांची ती आज्ञाधारक जेवायची पद्धत बघवत नसे. देवझरीला हाच माणूस ताटात मीठ कमी पडलं म्हणून उठून गेलेला मी पाहिला होता.

ऑक्टोबर उजाडेस्तोवर पीठ डब्याच्या तळाला गेलं. एक दिवस मी डबा उलटा करून म्हटलं, "संपलं." आजोबांनी मला बसवून घेतलं. "संपलं म्हणू नये मने, वाढलं म्हणावं." मग त्यांनी मला त्या शब्दाचा सगळा संसार समजावून सांगितला. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. रात्री दुकान बंद करत नाहीत, दुकान वाढवतात. बाईचं मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. "का?" असं मी विचारलं. "कारण घरात वाईट शब्द उच्चारला की तो ऐकून राहतो," आजोबा म्हणाले. "जी वस्तू आपल्याला प्यारी, तिचा शेवट तोंडानं बोलू नये." मला हे फारच आवडलं. इंग्रजीत असं काही नव्हतं. इंग्रजीत सगळं फुटतं, तुटतं आणि बंद पडतं. मी दोन दिवस घरभर सगळं वाढवत फिरले. पेन्सिलीचं टोक वाढलं, बल्ब वाढला, समीरची सायकल वाढली. आजोबा पोट धरून हसले, आणि यातलं निम्मं चूक आहे असं म्हणाले. कुठलं निम्मं ते मी विचारलं नाही.

त्याच शब्दावरून त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. तीत धोतरांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक जाड वही होती. आजोबा उभा जन्म देवझरी संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, आणि संस्थान विलीन झालं तेव्हा कागद गाड्यांत भरून नेण्याआधी त्यांनी काही कागद रात्रंदिवस बसून स्वतःच्या हातानं उतरवून घेतले होते. त्यांचं शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे सगळं मराठीत. मोडी त्यांना पाण्यासारखी यायची, इंग्रजी मात्र पाट्यांपुरतीच. वहीतला पहिला कागद तहनामा होता. देवझरी म्हणजे डोंगराच्या कुशीतली थोडी गावं, एक गड आणि दसऱ्याला उडवायची एक तोफ. शेजारचा सगळा मुलूख टोपीकरांनी घेतलेला होता. इंग्रजांना आजोबा कधी इंग्रज म्हणत नसत, टोपीकर म्हणत. त्यांचा वकील तह घेऊन आला: टोपीकरांनी देवझरीचा सांभाळ करावा, शत्रूपासून राखावं. बदल्यात त्यांची पलटण गडाखाली राहील, राजानं परभारे कुणाला पत्र धाडू नये, आणि गडावरची शिबंदी, म्हणजे राजाचे स्वतःचे शिपाई, मोडून टाकावे.

"आता मराठी मसुदा लिहायला कोण बसलेलं?" आजोबांनी विचारलं, आणि स्वतःच छातीवर बोट ठेवलं. "आपलाच. माझ्या पणज्याचा बाप. दरबारचा चिटणीस." दिवस पाडव्याचा होता, राजा तरुण होता, नुकताच गादीवर बसलेला. त्याच्या तोंडावर, पाडव्याच्या दिवशी, शिबंदी मोडावी हे शब्द कसे लिहायचे? चिटणिसानं लिहिलं, 'शिबंदी गडाची वाढवावी.' राजानं वाचलं आणि खूश झाला. टोपीकर आपल्याला आणखी माणसं ठेवू देतात, मग ही मैत्रीच की! त्यानं शिक्का उठवला. महिन्याभरात गडावरची माणसं बंदुका खाली ठेवून आपापल्या गावी गेली, आणि राजानं चिटणिसाला बोलावून विचारलं, हे काय? चिटणीस म्हणाला, महाराज, अशुभ कसं लिहू? "लोक ध चा मा करतात," आजोबा म्हणाले, "आमच्यानं तेवढंही करवलं नाही. अक्षर तेच, फक्त अर्थ बदलला." ते हसत होते. आमच्या घराण्याचा हा पिढीजात विनोद होता. मी विचारलं, की तो खरंच भोळा होता की त्याला सगळं ठाऊक होतं? आजोबांचं हसू जरा मागं गेलं. "त्याला पुढं जमीन मिळाली," ते म्हणाले. "आपलं घर उभं आहे ती." कुणी दिली, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि चहाचं विचारलं.

देवझरी त्या दिवसापासून मांडलिक झालं, आणि आजोबांना आमच्या घरात त्याची नक्कल करायचा नाद लागला. बाबांना ते रेसिडेंटसाहेब म्हणायचे, म्हणजे राजावर नजर ठेवायला दरबारी बसवलेला टोपीकरांचा अंमलदार. बाबांनी त्यांचा पासपोर्ट आल्या दिवशीच फाइलच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. "माझ्याकडे राहू दे अण्णा, सेफ असतो." आजोबा मला डोळा मारून म्हणायचे, "राजाचा शिक्कासुद्धा असाच सांभाळायला घेतला होता." बर्फ पडायला लागलं तसं त्यांचं बाहेर फिरणं बंद झालं. "ड्राइव्हवेवर जाऊ नका, आइस आहे. मी वीकेंडला मॉलमध्ये नेतो, तिथं वॉक करा." टपाल आणायला जाऊ नका. स्टोव्हला हात लावू नका, मनू आल्यावर करून देईल. प्रत्येक गोष्ट त्यांच्या भल्याचीच होती, हे मी आज शपथेवर सांगेन. माझ्या वडिलांनी आपल्या वडिलांवर कधी आवाज चढवला नाही. दुपारभर एकटा पडून राहिलेला बाप त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि त्या भीतीपायी ते एकेक दार लावत गेले. आजोबांचे विनोद हळूहळू कमी झाले. मी शाळेतून आले की ते मला खिडकीपाशीच्या खुर्चीत दिसायचे, कोट घालून, टोपी घालून, जसं काही कुणी न्यायला येणार आहे.

डिसेंबरात सहा महिने भरले. आजोबांनी तिकिटाचं विचारलं, बाबा म्हणाले, व्हिसा एक्स्टेंड केलाय. माघाचं काय? "बघू ना अण्णा, अजून वेळ आहे." आजोबांना एकच गोष्ट हवी होती, माघातल्या त्या तिथीला देवझरीच्या घरात पाटावर बसून आजीचं श्राद्ध करायचं होतं. बाबांनाही एकच गोष्ट हवी होती. ती त्यांनी मला एका शनिवारी गॅरेजमध्ये, गाडीवरचं बर्फ खरवडता खरवडता सांगितली. देवझरीचं घर आहे तोवर अण्णांचा जीव तिथंच राहणार. जाऊ दिलं, तर परत पडतील, आणि आपल्याला कळेल तेव्हा आठ दिवस झालेले असतील. गावातला एक माणूस घर घ्यायला तयार होता. अण्णांनी मुखत्यारपत्र दिलं, की बाबा इथून सगळं करू शकत होते. "तू सांग त्यांना," बाबा म्हणाले. "मी म्हटलं तर भांडण होईल, यू नो. तुझं मराठी ऐकून ते खूश होतात. नीट शब्दांत सांग हं मनू. एकदम 'विकायचं' असं नको म्हणू."

नीट शब्द. माझ्याकडे त्या वर्षी नवा कोरा एकच नीट शब्द होता.

आजोबा खिडकीपाशी बसले होते. बाबा हॉलच्या लावलेल्या दाराआड उभे होते, खालच्या फटीतून मला त्यांचे बूट दिसत होते; तिथवर शब्द पोचत नव्हते, नुसता आवाज. मी कागद हातात घेऊन म्हटलं, "आजोबा, बाबा म्हणतायत, देवझरीचं घर आता वाढवायचं. त्यासाठी तुमची सही पाहिजे." मला खरंच वाटलं होतं की असंच म्हणायचं असतं. घर प्यारं होतं, त्याचा शेवट तोंडानं बोलायचा नव्हता. आजोबांचा चेहरा असा काही उजळला, की तो मला अजून बघवत नाही. "वाढवायचं? वसंता म्हणाला?" त्यांनी माझा हात धरला. "मी केव्हाचा सांगतोय, मागच्या पडवीला भिंत घालून एक खोली काढू. तुम्ही आलात की समीरला खाली बसायचा संडास चालत नाही, तिथं कमोड बसवू." ते बोलतच राहिले, दत्तू सुताराकडून दारं, चिरा कुठला, कौलं कुणाकडची. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि तिथं, त्या क्षणी, मला कळलं. कुठलं निम्मं चूक होतं ते कळलं.

मी तेव्हा बोलू शकले असते. एक वाक्य लागलं असतं. मी ते बोलले नाही. दाराआडच्या बुटांची भीती वाटली, हे खरं आहे. सहा महिन्यांत आजोबांना इतकं आनंदलेलं पाहिलं नव्हतं आणि तो आनंद माझ्या हातून मोडवेना, हेही खरं. पण त्याखाली तिसरं एक खरं होतं, आणि ते मी आजवर एकदाच बोलून दाखवलं आहे. मला ते जायला नको होते. त्या रिकाम्या रस्त्यावरच्या घरात शाळेतून परत आल्यावर माझी वाट बघणारं एवढं एकच माणूस होतं. ते राहावेत म्हणून मी गप्प बसले. पुढं मी औषधांच्या कंपनीत लेबलं तपासायचं काम केलं, नोकरीभर, बाटलीवरचा एकेक शब्द. माझ्या हातून लेबल चुकल्याची तक्रार कधी आली नाही. माझी ख्याती होती म्हणा ना. कुणी कौतुक केलं, की मला त्या खुर्चीतला उजळलेला चेहरा आठवायचा.

सोमवारी बँकेत नोटरीसमोर सही झाली. नोटरी म्हणजे आपल्यापुढं सही झाली म्हणून शिक्का मारणारी बाई. तिनं विचारलं, यांना कागद समजलाय ना? बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. आजोबांनी मोठ्या झोकात, मोडी वळणाची सही केली, आणि बाईला हात जोडले. परतताना बाबा आरशात बघून इंग्रजीत मला म्हणाले, की अण्णांनी किती सहज घेतलं, मी उगाच घाबरत होतो, थँक यू. त्यानंतरचे दिवस विचित्र होते. आजोबा समीरच्या आलेखाच्या कागदावर खोलीचा नकाशा काढत बसायचे. पूर्वेला खिडकी काढली, मग ती खोडली, कारण तिथं फणस आडवा येत होता. बाबा कामावरून आले, की तो नकाशा बघून आईला म्हणायचे, "गुड, त्यांना काहीतरी हॉबी पाहिजेच होती." एकाच टेबलावर जेवणारी दोन माणसं एकाच घराबद्दल दोन वेगळ्या गोष्टी समजून बसली होती. दोन्ही ठाऊक असलेली मी त्यांच्यामध्ये बसून दोघांना वाढत होते. माघ आला आणि गेला. बाबा म्हणाले, बर्फ फार आहे, अशा हवेत इतक्या लांबच्या प्रवासाला डॉक्टर परवानगी देणार नाहीत. आजोबांनी वाद घातला नाही. खोली पूर्ण झाली, की एकदमच जाऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. श्राद्ध आमच्या डायनिंग टेबलाजवळ झालं. आईनं सुट्टी काढून खीर केली. आजोबा मधूनच थांबून म्हणाले, "तिला इथला पत्ता कुठं माहीत आहे?"

मार्चमध्ये दत्तू सुताराचं पत्र आलं. टपाल त्या दिवशी मीच आणलं होतं. पाकिटावरचं मराठी अक्षर पाहून मी ते लपवायला हवं होतं असं मला कित्येकदा वाटलं आहे, पण मला काय माहीत आत काय आहे? आजोबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, सगळी खुशाली, गाय व्यायली, आणि मग आवाज बंद झाला. त्यांनी उरलेलं मनात वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. नव्या मालकानं कौलं उतरवली होती. फणस तोडला होता. दत्तूनं विचारलं होतं की घरातले देव त्यानं आपल्याकडे नेऊन ठेवलेत, ते चालेल ना, आणि अण्णांनी हे सगळं आपल्याला आधी एका ओळीनं तरी कळवायचं होतं. फर्नेस पेटली. आजोबांनी वर बघितलं नाही.

"मने," ते म्हणाले, "वाढवायचं म्हणजे तुला काय म्हणायचं होतं?"

"मला वाटलं, असंच म्हणतात," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं. प्यारी वस्तू असली की."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं. आजोबांनी चष्मा काढला. "हो," ते म्हणाले. "शिकवलं मीच." त्यांनी नकाशाचा कागद चौकोनी घडी करून पत्रासोबत पाकिटात घातला. बाबांना त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. रात्री आई वाढेल ते नेहमीसारखे जेवले, जणू समोर चिठ्ठी असावी तसं, हे आधी, ते नंतर. मला वाटलं होतं की रागावतील, ताट सारून उठतील. तसं काही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फक्त एवढंच सांगितलं, की घर नसलं तरी गाव आहे, दत्तूच्या ओटीवर मी राहीन. आणि त्या आशेला ते धरून राहिले. माझ्याबरोबर वही उघडायचं मात्र त्यांनी बंद केलं.

एप्रिलात ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू होता. बाबा सिटिझन होते, त्यांनी आजोबांसाठी अर्ज भरला होता. आजोबांना सांगितलं, की कागदांचं काम आहे. ऑफिसातली बाई वयस्क होती, गळ्यात दोरी लावलेला चष्मा, टेबलावर नातवंडांचे फोटो. तिनं बाबांना सांगितलं की अर्ज तुमचाच आहे, तेव्हा तुम्ही दुभाष्याचं काम करू नका, मुलीला करू द्या. म्हणून मी मधल्या खुर्चीवर बसले, एका बाजूला आजोबा, एका बाजूला बाबा. नाव, जन्मगाव, आजार, तुरुंग, सगळं नीट झालं. प्रत्येक उत्तर मी स्वच्छ, पूर्ण आणि बरोबर सांगितलं. मग ती बाई पुढं झुकली आणि आजोबांच्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, की तुम्हाला इथं मुलाकडे कायमचं राहायचं आहे का? मी ते मराठीत विचारलं. या खेपेस सगळे शब्द बरोबर होते.

आजोबा सरळ बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाईंना सांग," ते म्हणाले, "मला घरी जायचंय."

मी वळून बाबांकडे बघितलं. बाबांनाही दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांची नजर जमिनीवर होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाई थांबली होती, हातात पेन घेऊन. मी म्हटलं, "ही सेज येस."

तिनं लिहिलं, शिक्का मारला, उठून आजोबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "वेलकम होम, सर." आजोबांनी विचारलं, काय म्हणते? मला पूर्ण वाक्य जमेना. "घरी, म्हणते," एवढंच बाहेर आलं. आजोबांनी त्या बाईला वाकून नमस्कार केला. दारापाशी जाऊन पुन्हा वळले आणि पुन्हा केला. पार्किंग लॉटमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं. त्यात पाय न भिजवता, बाबांचा हात न धरता ते गाडीपर्यंत चालत गेले, आणि गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "चांगली बाई. सांगितलं की समजतं माणसाला. वसंता, मग तिकीट कधीचं काढतोस?"

बाबांनी किल्ली फिरवली नाही. ते आरशातून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत ती शनिवारची गॅरेजमधली विनंती पुन्हा आली होती, आणि त्या क्षणी मला दोघांचाही विलक्षण राग आला, आणि त्याहून जास्त माझा. मी मागच्या सीटवरून पुढं वाकले. मी म्हटलं, "आजोबा, तिकीट नाही. तुम्ही म्हणालात घरी जायचंय, मी तिला सांगितलं की तुम्हाला इथं राहायचंय. आता तुम्ही इथंच राहायचं, कायमचं. आणि घर विकलंय, ते बाबांनीच विकलं. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द चुकून गेला. पण तुमचा चेहरा बघितल्यावर मला कळलं होतं. मी तरी सांगितलं नाही. तुम्ही जाऊ नये म्हणून." मी एवढं सलग मराठी त्याआधी कधी बोलले नव्हते.

आजोबा समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. वायपरखाली एक सुकलेलं पान अडकलं होतं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि नीट बसवली.

"एवढंच ना," ते म्हणाले. "हे तेव्हाच म्हणायचंस, मने. मी सही केली असती."